एका महागड्या ग्रंथाचे ऋण

इ. स. १६९१ च्या डिसेंबर महिन्यात कोचीनहून सुरतेकडे निघालेल्या एका डच जहाजावर, मुंबईच्या किनाऱ्याजवळ, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने प्राण सोडला. हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड हे त्याचे नाव. त्याचे शव सुरतेस नेण्यात आले आणि तेथील डच दफनभूमीत मोठ्या इतमामाने त्याचे दफन झाले. त्या काळच्या कंपनी अधिकाऱ्याच्या आयुष्यात जे असावयाचे ते सारे त्याच्या आयुष्यात होते: लढाया, राजेरजवाड्यांशी तह, मिरीचा व्यापार आणि वरिष्ठांशी भांडणे. तेवढ्यावर त्याचे नाव आज कोणास आठवले नसते. ते राहिले एका ग्रंथामुळे.

‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारची बाग’, हा तो ग्रंथ. भाषा लॅटिन, स्थळ ॲम्स्टरडॅम, खंड बारा. पहिला खंड १६७८ साली निघाला आणि बारावा १६९३ साली, म्हणजे ऱ्हीडच्या मृत्यूनंतर. मलबारच्या भूमीवरील ७४२ वनस्पतींचे वर्णन त्यात आहे आणि त्यांची ७९० हून अधिक चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली आहेत. राजवाडे, विद्यापीठे आणि धनिक संग्राहक यांच्यावाचून असा ग्रंथ विकत घेणे कोणास परवडणारे नव्हते. ज्या मलबारी माणसाच्या परसातली झाडे त्यात वर्णिली होती, त्याला तर त्याचे एक पानही पाहावयास मिळणे शक्य नव्हते.

या जुन्या ग्रंथाची कथा आज सांगावीशी वाटते, याला एक कारण आहे. शास्त्रीय संदर्भग्रंथ आजही महागच असतात. वनस्पतींचे, औषधींचे, रसायनांचे मोठे कोश घ्यावयाचे म्हटले की महाविद्यालयाच्या ग्रंथपालाची लेखणी अडखळते. संस्थेच्या बैठकीत कोणीतरी हटकून विचारतो, ‘एवढ्या पैशांत किती गरीब मुलांची फी भरून निघेल? आणि हे जाडजूड पुस्तक वर्षातून उघडणार तरी कोण?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो प्रामाणिक आहे आणि गरिबांच्या कळवळ्यातून येतो. म्हणूनच त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. ते शोधताना ‘होर्तुस’इतका चांगला वाटाड्या आम्हांला दुसरा दिसत नाही, कारण महागड्या ग्रंथाचे मोल कशात असते आणि त्याच्यावर कोणते ऋण राहते, या दोन्ही गोष्टी त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

खर्च कशासाठी झाला?

डचांनी १६६३ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकून घेतले. पुढे १६७० च्या सुमारास ऱ्हीड मलबारचा कमांडर झाला. या प्रदेशातल्या अरण्यांनी त्याला भुरळ घातली हे खरेच. पण केवळ निसर्गप्रेमातून एवढा उद्योग उभा राहिला नाही. कंपनी आपल्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी औषधे युरोपातून मागवीत असे. गंमत अशी की, त्यांतील पुष्कळ औषधी मुळात पूर्वेकडूनच युरोपात गेलेल्या असत. महिनोन्‌महिने जहाजात पडून त्या निःसत्त्व होत आणि दुप्पट-तिप्पट दाम देऊन पुन्हा पूर्वेला येत. दाराशी उगवणारी मुळी समुद्रापलीकडून विकत घ्यावी, हा व्यवहार ऱ्हीडला खटकला. शिवाय कंपनीचे मुख्य ठाणे कोलंबोत असावे की कोचीनमध्ये, असा वाद वरिष्ठांत चालू होता. मलबारची भूमी किती संपन्न आहे, हे दाखविण्यातही त्याचा हेतू होता. थोर ग्रंथांच्या मुळाशी असे मिश्र हेतू असतात. ते झाकण्याचे कारण नाही.

पण वर्णनच करावयाचे होते, तर एखादे लहानसे पुस्तक का पुरले नसते? तसे पुस्तक होतेही. गोव्यातच १५६३ साली गार्सिया द ऑर्टा या वैद्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयी संवादरूपाने लिहिलेला पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला होता. हा वैद्य ज्यू वंशातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, ही आपल्या इतिहासातील लज्जास्पद गोष्ट येथे नोंदविलीच पाहिजे. त्याच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश युरोपभर वाचला गेला. मात्र त्या ग्रंथात एक उणीव होती. त्यात चित्रे नव्हती. ‘पाने लिंबासारखी, फूल पिवळे, वास उग्र’ असे शब्दांत कितीही लिहिले, तरी ज्याने ते झाड पाहिलेले नाही त्याला ते ओळखता येत नाही. आणि ज्याने पाहिले आहे त्याला वर्णनाची गरज नसते.

ऱ्हीडच्या ग्रंथाचा खर्च या एका उणिवेवर मात करण्यासाठी झाला. माणसे अरण्यात पाठवावयाची. त्यांनी पाने, फुले, फळे, मुळे यांसह वनस्पती आणावयाच्या. त्या कोमेजण्यापूर्वी चित्रकारांनी त्यांची चित्रे काढावयाची. फूल एका ऋतूत आणि फळ दुसऱ्या ऋतूत येत असेल तर पुन्हा जावयाचे. ही चित्रे जहाजाने हॉलंडला जात. तेथे कोरक्या कारागीर धारदार सळईने तांब्याच्या पत्र्यावर एकेक शीर, एकेक केसर उलटे कोरी. अक्षरांचा छापखाना आणि ताम्रपटाचा छापखाना वेगळा. अक्षरे उठावाची असतात, तर ताम्रपटात शाई कोरलेल्या खाचांत भरते आणि ओलसर केलेला कागद जोरदार दाबाखाली त्यावरून फिरवावा लागतो. एकेका चित्रासाठी एक पत्रा, एक कोरक्या आणि कित्येक दिवसांचे श्रम लागत. असे जवळजवळ आठशे पत्रे कोरले गेले. ग्रंथ महाग होता तो सोनेरी बांधणीमुळे नव्हे. एका माणसाने अरण्यात पाहिलेले झाड दुसऱ्या खंडातल्या माणसाला जसेच्या तसे दिसावे, यासाठी मोजलेला तो दाम होता.

विद्या कोणाची?

या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ऱ्हीडचे नाव आहे. परंतु त्यातील विद्या त्याची नव्हती. तो स्वतः हे जाणून होता आणि त्याने ते दडवले नाही, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण समजावे.

आरंभ झाला तो एका कॅथलिक व्रतस्थापासून. कार्मेल संघाचे फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ हे मूळचे इटलीतल्या नेपल्सकडचे. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला होता आणि पश्चिम आशियातील मिशनकार्यात वर्षे घालविली होती. वाटेत दिसलेल्या वनस्पतींची टिपणे आणि रेखाचित्रे ते करून ठेवीत. डचांनी कोचीन घेतल्यावर युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना तेथून हाकलले होते. तरी या वैद्य-संन्याशाला ऱ्हीडने आश्रय दिला. वरापुळा येथील चर्च १६७३ साली त्यांनीच स्थापिले. प्रॉटेस्टंट सत्तेचा सेनापती आणि पोपनिष्ठ मठवासी यांचे युरोपात एका बाकावर बसणे कठीण होते. मलबारात मात्र त्यांना एका झाडाखाली बसविले ते औषधी वनस्पतींनी. फादर मॅथ्यू यांची रेखाचित्रे पुढे कच्ची ठरली आणि काम नव्याने आखावे लागले. पण पहिली कुदळ त्यांनी मारली, असे ऱ्हीडने आपल्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे.

नव्या कामात कॅसेरियस नावाचा डच पाळक लॅटिन लेखनासाठी आला. तत्त्वज्ञ स्पिनोझाने ज्याला एकेकाळी शिकविले होते, तोच हा. पण लिहावयाचे काय, हे सांगणारा होता इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य. आजच्या आलप्पुळा जिल्ह्यात, चेर्तला परिसरात त्याचे घराणे होते. जातीने तो ईळव. म्हणजे ताडामाडाशी ज्यांचा व्यवसाय जोडलेला आणि ज्यांना त्या काळच्या समाजाने खालची पायरी दिली होती, अशा समाजातला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या होत्या. झाडाचे नाव, गुण, कोणत्या व्याधीवर कोणता भाग, मात्रा किती, हे तो मलयाळममध्ये सांगे. इमॅन्युएल कार्नेरो हा कोचीनचा दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये उतरवी. पोर्तुगीजमधून ते लॅटिनमध्ये जाई.

यांच्या जोडीला आणखी तीन माणसे होती. आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटेल. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे ते तिघे कोचीनचे कोकणी ब्राह्मण. त्यांच्या समाजाचे पूर्वज गोव्यातून, पोर्तुगीज अमलातील धर्माच्या नावावरील जाचामुळे, दक्षिणेकडे गेलेले होते. आपल्या वैद्यकातील निघंटूंच्या आधारे त्यांनी वनस्पतींची नावे आणि गुण तपासून दिले. आपण हे काम केले, असे प्रमाणपत्र त्यांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत, स्वाक्षरीनिशी लिहून दिले. इट्टी अच्युतननेही आपले प्रमाणपत्र स्वतःच्या मलयाळम भाषेत, त्या काळच्या जुन्या लिपीत लिहून दिले. १६७५ सालची ही दोन्ही प्रमाणपत्रे ऱ्हीडने पहिल्या खंडात मूळ अक्षरांसह छापली. चित्रांवरही वनस्पतींची नावे रोमन लिपीबरोबर मलयाळम, अरबी आणि नागरी अक्षरांत कोरलेली आहेत.

याचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून एक तुलना करू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी काव्य, पण नागरी अक्षरे छापण्याची सोय नव्हती. त्यानंतर बासष्ट वर्षांनी आपल्या किनाऱ्याची भाषा नागरी अक्षरांत छापून निघाली, ती ॲम्स्टरडॅममध्ये आणि तीही एका वनस्पतिग्रंथात. ग्रंथ स्वस्तात उरकावयाचा असता, तर ज्यांना वाचक नव्हता अशा अक्षरांसाठी तांबे खर्च करण्याचे काहीच कारण नव्हते. पण ज्याची विद्या घेतली त्याचे नाव आणि त्याचे अक्षर सोबत घ्यावयाचे, ही सचोटी त्या खर्चात आहे. म्हणून आज साडेतीनशे वर्षांनंतरही आम्हांला त्या ईळव वैद्याचे आणि त्या तीन कोकणी पंडितांचे नाव घेता येते. जगातील कितीतरी शास्त्रग्रंथांत असे सांगणारे ‘एक स्थानिक माणूस’ एवढ्या शब्दांत संपून गेले आहेत.

मोल कोठे दिसले?

ग्रंथ निघाला, पुढे काय झाले? स्वीडनचा लिनियस १७३५ ते १७३८ या काळात हॉलंडमध्ये होता. तेथे एका श्रीमंत बँकरच्या बागेत आणि ग्रंथालयात त्याला काम मिळाले. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. तथापि १७५३ साली त्याने जगातील वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा हिंदुस्थानातील अनेक झाडांसाठी त्याचा आधार ऱ्हीडची चित्रेच होती. ते बारा खंड विकत घेणारे लोक थोडे होते. परंतु त्यांपैकी एका संचाच्या आधारे लिनियसने जी नावे दिली, ती आज शाळेतला मुलगाही पाठ करतो.

याहून खोल असा एक उपयोग आहे. शास्त्रीय नावाविषयी वाद निर्माण झाला, तर ते नाव मुळात कोणत्या झाडाला दिले हे ठरविण्यासाठी एक प्रमाणभूत नमुना नेमलेला असतो. सोनाराकडचे वजन खरे की खोटे हे जसे प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसे हे आहे. बहुधा हा नमुना म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली डहाळी असते. पण काही नावांच्या बाबतीत लिनियसच्या हाती डहाळी नव्हतीच. होते ते फक्त ऱ्हीडचे चित्र. आपल्या माडाची गोष्ट तशीच आहे. ‘होर्तुस’च्या पहिल्या खंडाची सुरुवातच माडापासून होते. मलयाळम ‘तेंगा’ या नावाखाली आलेली ती चित्रे हाच आज नारळाच्या शास्त्रीय नावाचा प्रमाण नमुना आहे. आपल्या दारातला माड आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा माड एकच, असे शास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा त्यांचा शेवटचा साक्षीदार कोचीनमध्ये काढलेले ते चित्र असते. भेर्ली माडाचीही कथा अशीच. वेलचीच्या शास्त्रीय नावातील ‘एलेटारिया’ हा शब्द ऱ्हीडने टिपलेल्या मलयाळम नावावरून आला आणि मायाळूचे ‘बॅसेला’ हे नावही तसेच. मलबारच्या स्वयंपाकघरातले शब्द लॅटिन रूप घेऊन जगभर गेले.

एखाद्या वाचकास वाटेल, नावांचा हा खटाटोप पंडितांचा. आम्हां सामान्यांना त्याचे काय? येथे वैद्यकातील एक उदाहरण घ्यावे. ‘ब्राह्मी’ म्हटले की कोणी ओलसर जागी पसरणाऱ्या, गोल पानांच्या कारिवण्याकडे बोट दाखवितो, तर कोणी जाड बारीक पानांच्या, पांढुरक्या फुलांच्या नीरब्राह्मीकडे. ‘शंखपुष्पी’ या नावाने उत्तरेत एक वनस्पती औषधात पडते, तर केरळात गोकर्णीचा वेल. ‘रास्ना’ या नावामागेही प्रांताप्रांतांत वेगवेगळ्या मुळ्या आहेत. नाव एक आणि झाडे दोन, अशी स्थिती असेल तर ग्रंथातला काढा आणि पेल्यातला काढा एकच असेल, याची खात्री कोणी द्यावी? कधी नुसताच गुण येत नाही, कधी अपाय होतो. हा गोंधळ निस्तरण्यासाठी कोणीतरी, कोठेतरी, नाव, चित्र, वर्णन आणि गुण एकत्र बांधून ठेवलेले असावे लागतात. औषध घेणाऱ्या आजीने तो कोश कधी पाहिलेला नसतो; पण तिच्या प्रकृतीचा एक धागा त्याला बांधलेला असतो.

दुसरे उदाहरण न्यायालयीन स्वरूपाचे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल पेटंट मिळाले. ज्या देशात रांगत्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबतात, त्या देशाला हे हास्यास्पद वाटले. पण पेटंट कार्यालयापुढे हसून भागत नाही. छापील पुरावा लागतो. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील ३२ संदर्भ उभे केले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ते संदर्भ ज्या ग्रंथांत होते, ते वर्षानुवर्षे कोणी उघडले नसतील. कपाट झाडणाऱ्यालाही ते अडगळ वाटले असतील. गरज पडली तेव्हा मात्र त्यांनीच साक्ष दिली. संदर्भग्रंथ हा विहिरीसारखा आहे. पावसाळ्यात तिच्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ती बुजवून टाकणाऱ्यास वैशाखात पश्चात्ताप होतो.

तीनशे पंचवीस वर्षे

येथपर्यंत ग्रंथाची थोरवी झाली. आता त्याच्या ऋणाची बाजू पाहिली पाहिजे.

इट्टी अच्युतनची विद्या मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये, पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये गेली आणि तिथेच राहिली. युरोपातील पंडितांनी तिच्यावर टीकाग्रंथ रचले. १८१८ साली डेनस्टेट नावाच्या जर्मन अभ्यासकाने तर ‘होर्तुस’ उलगडण्यासाठी एक स्वतंत्र मार्गदर्शिका लिहिली. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या वनस्पतींचे जे मोठे ग्रंथ केले, त्यांत पानोपानी ऱ्हीडचे दाखले आहेत. पण ज्या वैद्याने ती विद्या दिली त्याच्या पणतू-खापरपणतूंना त्यातले अक्षर वाचता येत नव्हते. त्यांच्या घरच्या पोथ्या काळाच्या ओघात गेल्या आणि त्यांच्यातले ज्ञान ज्या ग्रंथात उरले, तो ग्रंथ दोन कुलुपांत बंद होता: एक किमतीचे, दुसरे भाषेचे.

हे कुलूप उघडण्याचे काम केरळच्या एका प्राध्यापकाने केले. कालिकत विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची तीन तपे या ग्रंथास वाहिली. लॅटिन समजून घेणे हा एक भाग झाला. दुसरा भाग याहून कष्टाचा होता. ऱ्हीडच्या माणसांनी ज्या भागांत वनस्पती गोळा केल्या, तेथे पुन्हा जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील जवळजवळ सर्व वनस्पती नव्याने शोधून काढल्या आणि चित्रांशी ताडून पाहिल्या. केरळ विद्यापीठाने २००३ साली या बाराही खंडांचे इंग्रजी भाषांतर आणि २००८ साली मलयाळम भाषांतर प्रसिद्ध केले. पहिल्या खंडापासून मोजले तर मलबारची बाग सर्वसामान्य भारतीय अभ्यासकाच्या हाती पडावयास तीनशे पंचवीस वर्षे लागली आणि स्वतःच्या मायबोलीत यावयास तीनशे तीस. डॉ. मणिलाल यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. १ जानेवारी २०२५ रोजी ते निवर्तले.

या दोन माणसांच्या कामाकडे आम्ही एकत्र पाहतो. ऱ्हीडने खर्च केला नसता, तर मणिलाल यांना उघडावयास काहीच उरले नसते. मणिलाल यांनी श्रम केले नसते, तर ऱ्हीडचा ग्रंथ ज्याच्याकडून घेतले त्याला परत न देणारा सावकार राहिला असता. ‘एवढ्या पैशांत किती गरीब मुलांची फी भरेल?’ या प्रश्नाचे आमचे उत्तर येथे आहे. महागडा शास्त्रग्रंथ घेणे हा गरिबांवरील अन्याय नव्हे. तो घेऊन कुलपात ठेवणे हा मात्र अन्याय आहे. त्याची किंमत एकाने नव्हे, सर्वांनी मिळून भरावी आणि मग तो सर्वांसाठी उघडा असावा, यातच त्याचे मोल वसूल होते.

सुदैवाने काळ अनुकूल होत आहे. ‘होर्तुस’ची मूळ पाने आता संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. भारत सरकारनेही ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू केली. सुमारे १३,००० शास्त्रीय नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना वाचता यावीत, म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद तिच्यात झाली. ‘फुकट’ म्हणून जे समोर येते, त्याचा दाम कोणीतरी मोजलेला असतो, हे यातून पुन्हा दिसते.

आपल्या किनाऱ्यावरचा वारसा

फादर मॅथ्यू यांनी मलबारात जी पहिली कुदळ मारली, त्या वाटेवर पुढेही व्रतस्थ चालत राहिले आणि त्यांतील काहींची कर्मभूमी आपली मुंबई होती. स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांचे नाव सेंट झेवियर्स महाविद्यालयातील १९०६ साली स्थापन झालेल्या शुष्क वनस्पतिसंग्रहास आहे. ताड, माड, पोफळी यांच्या कुळावरचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली निघाला. त्याच महाविद्यालयातले स्पॅनिश येशूसंघीय फादर सांतापाव (१९०३–१९७०) खंडाळ्याच्या डोंगरातल्या आणि पुरंदरच्या वनस्पतींचे ग्रंथ लिहून गेले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्रीने गौरविले गेले. दक्षिणेत फादर सेसिल सालढाणा यांनी हसन जिल्ह्याचा आणि फादर के. एम. मॅथ्यू यांनी तमिळनाडूच्या मैदानी प्रदेशाचा वनस्पतिकोश सिद्ध केला. हे ग्रंथ घरोघरी वाचले जात नाहीत, जाणारही नाहीत. तरी त्यांच्यावाचून आपल्या डोंगरातले एखादे झुडूप नष्ट झाले, तर ते होते हे सांगणाराही कोणी राहणार नाही.

वाचकहो, धर्मग्रामातील कुटुंबांनी लाखमोलाचे कोश विकत घ्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्यांतील कितीतरी जण शाळा-महाविद्यालयांच्या समित्यांवर असतात, ग्रंथालयांना देणग्या देतात, जुनी कपाटे रिकामी करण्याचे निर्णय घेतात. एखादा जाड, जुना शास्त्रग्रंथ रद्दीत टाकण्यापूर्वी तो विषय जाणणाऱ्या माणसाला एकदा दाखवावा. आईवडिलांच्या स्मरणार्थ देणगी द्यावयाची असेल, तेव्हा पंखा आणि बाकाबरोबर एका चांगल्या संदर्भग्रंथाचाही विचार व्हावा आणि तो ग्रंथ कुलपाबाहेर राहील, एवढी अट घालावी.

याहून तातडीचे काम तर पैशाचेही नाही. वसईपासून अलिबाग-रेवदंड्यापर्यंतच्या आपल्या वाड्यांत अजून अशा आजीबाई आहेत, ज्यांना बांधावरच्या पाल्याचे नाव आणि गुण ठाऊक आहे. ते नाव त्यांच्या बोलीत आहे तसे वहीत उतरवून घ्यावे. त्या पाल्याची फुलासकट एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. खाली गाव, तारीख आणि सांगणारीचे नाव लिहावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाकडे ती नेऊन द्यावी. सांगणारीचे नाव मात्र गाळू नये.